घर बघायला आलेले साहेब

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण मी सांगायला लागले की मला परत संताप येणार आहे. सातवीची फायनल पास झालेली बाई मी! आणि घोळ घातला तो असा, की आमच्या गल्लीतल्या एखाद्या अडाणी म्हातारीनंही घातला नसता.

माझे दीर शंकरभावजी सांगलीला कॉलेजात शिकतात. मिळवते एकटे हे, तेही दूर पलटणीत. त्यांच्या मनिऑर्डरीवर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मी, दात येत असलेली छबी आणि भावजींची फी, एवढा सगळा संसार. अशात स्वराज्य आलं आणि कळलं, की गरिबांच्या मुलांची कॉलेजची फी आता सरकार भरणार. ही नादारी, म्हणजे फीमाफी, मिळाली तर भावजी सुखानं शिकणार, नाही तर कसं व्हायचं, या काळजीनं मला झोप नव्हती. भावजींनी अर्ज केला, तलाठ्यानं गरिबीचा दाखला दिला. आम्हाला वाटलं, झालं काम!

एके दिवशी सर्व्हिस मोटारीचा क्लीनर दारातूनच ओरडला, "वैनी, उद्या सांगलीचं सायेब येत्यात, तुमचं घर बघायला! शंकरनं सांगावा धाडलाय."

आता तुम्हीच सांगा, लग्नाचा मुलगा असलेल्या घरी 'घर बघायला' कोण येतं? मुलीचा बापच ना? दाखला हातात असताना पुन्हा गरिबी बघायला कुणी सांगलीहून मोटारीनं येईल, हे कुणाच्या डोक्यात येणार?

आत्याबाई तर लुगडं सावरत उठूनच बसल्या. "अगं, सायेबाची पोरगी सांगून आली! आन आपल्यात बसाय धड पाट बी न्हाई!"

मुलीकडचे येतायत, हे सांगत मी शेजारच्या ताराकाकूंकडे धावले. काकू उसाच्या बागायतदारीण, पण मनानं लय मोठ्या. "आवं, इचारताय काय, घिऊन जावा की! शंकर काय मला परका हाय व्हय?"

मग काय! पितळेचे हंडे आले, सतरंजी आली, फडताळातल्या बरण्या आल्या. त्यांच्या नातीची चांदीची वाळी छबीच्या पायात गेली. ती सारखा पाय तोंडात घालू लागली आणि तिनं घुंगरू गिळलं तर, म्हणून माझा जीव टांगणीला. शेवटी काकूंची दुभती म्हैससुद्धा आमच्या दारात बांधली.

साहेब आले. कोट, काळी टोपी, काखेत छत्री. म्हशीपाशी थबकले. मी मनात म्हटलं, पडली छाप!

"मुलगा अभ्यासात कसा आहे?"

"हुशार! शिवाय निर्व्यसनी. सुपारीचं खांडसुद्धा नाही."

साहेब जरा चमकले. "बरं. जमीन?"

"बारमाही बागायत. सगळा ऊसच!" (आमच्या माळावर कुसळसुद्धा रुसून उगवतं हो.)

"म्हणजे गूळ होत असेल?"

"सांगलीच्या पेठेत आमच्या ढेपांची वाट बघतात!"

"मग फी भरायची ऐपत आहे म्हणा ना."

मला वाटलं, बिचारा हुंड्याला घाबरतोय. म्हटलं, "फीचं काय घेऊन बसलात, विलायतेला पाठवू! आम्हाला तुमचं काही नको. नारळ आणि मुलगी!"

"मुलगी? कुणाची?"

"इश्श! तुमचीच की!"

साहेबांच्या हातातली शिऱ्याची बशी कलंडली. "अहो बाई, माझी मुलगी दोन लेकरांची आई आहे! मी नादारीच्या चौकशीला आलोय!"

धरणीमाते, पोटात घे! मी हातापाया पडून सगळं खरं सांगितलं. हंडे उसने, सतरंजी उसनी, म्हैस शेजारची.

साहेब शांतपणे म्हणाले, "मी जाईन तिथं म्हैस शेजारचीच असते बाई."

मी रडकुंडीला येऊन कुंपणावरून हाक मारली, "काकू, अहो सांगा ना यांना, ही म्हैस कुणाची?"

काकूंनी साहेबांकडं बघितलं, माझ्याकडं बघून डोळा मिचकावला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आवं आसं काय करताय? तुमचीच की! पारडी हुती तवापास्नं तुमच्याच दावणीला हाय!"

साहेब उठले. "शेजारचं घर हेच का? यांच्या मुलाचाही अर्ज आहे."

ऊसवाल्या काकूंचा! तलाठी त्यांचा भाऊ, म्हणजे गरिबीचा दाखला घरचाच!

साहेब आत गेले, आणि बघतात तर काय! गोठा रिकामा, फडताळ उघडंबोडकं, बसायला सतरंजी नाही, पाणी द्यायला भांडं नाही. काकू ओशाळून म्हणाल्या, "काय सांगू सायेब, हुतं नव्हतं ते समदं शेजारी गेलं बगा!"

साहेबांनी तिथूनच माझ्याकडं असं बघितलं, जशी मी गावची सावकारीण! जाताजाता आमच्या दाराशी थांबून वर उपदेश केला, "बाई, गरिबाला इतकं ओरबाडू नये." आणि मी रेशनची साखर घालून केलेला शिरा त्यांच्या मिशीला तसाच चिकटलेला! सांगा, येईल का नाही संताप?

नादारी मिळाली काकूंच्या मुलाला. पेढे द्यायला काकू स्वतः आल्या आणि म्हैस सोडून घेऊन गेल्या.

भावजी आता सकाळी कॉलेजात आणि दुपारी गुळाच्या अडतीवर कामाला. परवा सुटीला आले तेव्हा म्हणाले, "वहिनी, ते साहेब अडतीवर भेटले होते. माझ्या पाठीवरची ढेप बघून त्यांना फार वाईट वाटलं."

मला जरा धीर आला. "मग? पुन्हा चौकशी करतो म्हणाले का?"

"छे! म्हणाले, एवढी बागायत असून घरचा गूळ दिराकडून वाहून घेते? बाई आहे का कोण आहे!"