साहेबाचं नाव छापलं, सखूचं नाही

मंडळी, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

आज आईला जुन्या नाशिकच्या फोटोंचं प्रदर्शन बघायला नेलं. त्र्यंबक रोडच्या कामाच्या एका फोटोपुढे ती थबकली. पुढे एक टोपीवाले इंजिनियर आणि मागे डोक्यावर खडीच्या पाट्या घेतलेल्या दोन बायका. "ही मी हाय," आई म्हणाली, "अन् ही माझी मैत्रीण, सखू."

खालच्या कार्डावर इंजिनियरचं नाव हुद्द्यासकट छापलेलं. पुढे फक्त 'व दोन मजूर स्त्रिया'.

मी आयोजकांना बोलावून सांगितलं, फोटोतली ही माझी आई, हिचं आणि सखूचं नाव कार्डावर घाला. ते हसून म्हणाले, "वा आजी! पण कार्डं छापून झालीत आता."

"माझं राहू द्या, सखूचं तरी लिहा. ती गेली. तिचा दुसरा फोटो नाय कुठं."

"हातानं लिहिलं की शोभा जाते हो."

मी पर्समधून पेन काढून दोघींची नावं कार्डावर लिहिली. तर त्यांनी कार्डच उपटून नेलं!

रिक्षात आई एवढंच म्हणाली, "सखू हसत होती गं फोटोत."

मला सांगा, ज्यांनी हे शहर डोक्यावरून वाहिलं, त्यांच्या नावानं कसली शोभा जाते?