अजीजी

जन्मभर अर्ज लिहून पोट भरणारा आणि तरीही लेखणीला कुणापुढं वाकू न देणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच झाला, तो म्हणजे माझे मोठे मामा. मोर्शीला तहसील कचेरीसमोर लिंबाखाली त्यांचं टेबल असे. गिऱ्हाइकानं ‘साहेब, दया करा’ असं लिहायला सांगितलं, की मामा पेनाला टोपण लावत. एकदा एक म्हातारी रेशनकार्डासाठी आली. म्हणाली, “भाऊ, जराशी अजीजी टाका ना. साहेबाले पाझर फुटन.” मामांनी तिला बाकावर बसवून शिकवणीच सुरू केली. अकोल्याच्या जुन्या शहरात शिकत असताना शेजारच्या उर्दूच्या मास्तरांनी त्यांना हा शब्द उलगडून दाखवला होता. मूळ अरबी ‘आजिज’, म्हणजे ज्याचं काही चालत नाही असा हतबल माणूस. “नियम तुह्या बाजूनं हाय माय. मंग तू काहून आजिज?” म्हातारी म्हणाली, “थे सारं खरं, पण माही साडेबाराची बस हाय.” स्वतःच्या मुलीच्या लग्नपत्रिकेतलं ‘येण्याची कृपा करावी’सुद्धा मामांनी खोडलं होतं. “जेवाले बोलावून राहिलो, कृपा कायची?”

चळवळीची पत्रकं वाचतच वाढलेल्या मला मामा म्हणजे चालतंबोलतं पत्रक वाटत. बारावीनंतर अमरावतीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, पण वसतिगृहाचा अर्ज भरायची तारीख माझ्या हातून गेली. त्या आठवड्यात मी वसतिगृहाच्या हक्काचीच पत्रकं वाटत गावोगाव फिरत होते. खोलीचं भाडं घरच्यांना झेपणारं नव्हतं; वसतिगृह गेलं की कॉलेजही गेलं. मी तावातावानं म्हटलं, “मामाजी, लिहा. शिक्षण माझा हक्क आहे.”

मामांनी कोरा कागद पुढं ओढला. “तारीख तूच चुकवली, पोरी. आता आपलं काई चालत नाई.”

मग त्यांनी पानभर अर्ज लिहिला. चूक आमची आहे, मुलगी हुशार आहे, अजीजीनं मागतो. दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत येऊन त्यांनी तो स्वतः गृहपाल बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो दोनदा वाचला. “एक मुलगी आली नाही,” त्या म्हणाल्या. “तिची खाट देते.”

खाट दाखवायला बाई पुढं निघाल्या. आत पुरुषांना मनाई होती, म्हणून मामा दाराशीच थांबले. जिन्यावरून मी वळून पाहिलं, तर त्यांचे हात अजून जोडलेलेच होते. सवय नसल्यानं ते खाली कधी घ्यायचे, हे त्यांना बहुधा ठाऊकच नव्हतं.