सुरतेच्या ताफ्यावरचे चाचा

सव्वातीनशे वर्षांपूर्वीची लढाई काल संध्याकाळी झाल्यासारखी सांगणारा माणूस कतारच्या अख्ख्या दोहा शहरात एकच होता, आणि तो आमच्या ऑफिसात बसून फुटबॉल वर्ल्ड कपच्या स्टेडियमच्या जिन्यांची ड्रॉइंग काढायचा. रत्नागिरीकडचे हे चाचा देहाने नजमा वस्तीतल्या दाटीवाटीच्या खोलीत राहत; मनाने मात्र येमेनच्या मोखा बंदरातून सुरतेला निघालेल्या बादशाही खजिन्याच्या ताफ्यावर. त्यांचा कोणी पूर्वज म्हणे त्यातल्या सगळ्यात मोठ्या जहाजावर खलाशी होता. दर शुक्रवारी कॅफेटेरियात पाण्याचा जग म्हणजे ते जहाज होई आणि करक चहाचे ग्लास म्हणजे त्याला गाठणारे इंग्रज चाचे. ‘चाचे’ म्हटल्यावर आम्ही हसलो की ते रागावत. “मी चाचा, ते चाचे. फरक हाय!” मग “ऐन वेळी आपलीच तोफ फुटली!” म्हणून टेबलावर असा हात आपटत, की चहा थेट शेजाऱ्याच्या पराठ्यात. मलबारी मालक फडकं घेऊन येई. लढाई त्यालाही पाठ झाली होती.

वर्ल्ड कप जवळ आला तशा सगळ्यांच्या रजा बंद झाल्या. चाचांची मंजूर झालेली रजाही गेली. त्या शुक्रवारी मी आणि माझी बायको त्यांना समैस्माच्या समुद्रावर घेऊन गेलो. गोष्ट डोलकाठी कोसळते तिथवर आली आणि त्यांच्या घरून फोन आला. “इन्शाल्ला, लवकरच,” एवढंच म्हणून त्यांनी तो ठेवला. आम्ही पुढच्या लुटीची वाट बघत होतो.

“सोनं किती गेलं ते सगळे लिहितात,” ते म्हणाले. “धक्क्यावर बायका वाट बघत राहिल्या, त्यांचं कोण लिहितो?”

मग पँट दुमडून पाण्यात गेले आणि आमच्याकडे पाठ करून कितीतरी वेळ उभे राहिले.

रविवारी त्यांनी राजीनामा दिला. मी म्हटलं, “चाचा, सगळं जग इकडे येतंय आणि तुम्ही निघालात?”

“जगाला येऊ दे रे बाबा. माझं इथलं खलास!”

नोटीस संपली त्या संध्याकाळी आम्हीच त्यांना विमानतळावर सोडलं. माझ्या बायकोच्या डोक्यावर हात ठेवून ते आत गेले, एकदाही मागे न बघता. अल थुमामाला आमच्या घरी परतताना रस्त्याच्या कडेला नव्या झेंड्यांखाली दिवे लागत होते. बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, “आपण कधी जायचं रे नाशिकला?”

मागून हॉर्न वाजले, तेव्हा सिग्नल हिरवा झाल्याचं मला कळलं.