नारिंगी पंखांचं पाखरू

भागीबाईवर माझ्या दिरानं आळ घेतला तो २००३ साली. मला अजून संताप येतो.

मोतीराम माझा धाकटा दीर, चांदवडला त्याची डाळिंबाची बाग. नवरा गेल्यापासून बारा वर्षं भागीबाई तिथं फळं तोडायची. दोन मुली तिनं त्याच कामावर वाढवल्या. डाळिंबाचे काटे हातात मोडतात, ते काढायला ब्लाऊजला कायम सेफ्टी पिन.

त्या पावसाळ्यात पिकत आलेल्या फळांना बारीक गोल भोकं पडायला लागली. दोन दिवसांत फळ सडून खाली. मोतीरामला ती पिन दिसली आणि झाला निकाल! सगळ्या बायांसमोर म्हणाला, "सुट्टी दिली नाही म्हणून फळं टोचतेस काय?" आणि हाकलली.

चौथ्या दिवशी ती नाशकात माझ्या दारात. हातात डबा. दिवेलागणीला बांधावर उभं राहून तिनं पाखरू धरलं होतं.

"बाई, फळात सोंड खुपसून बसलं व्हतं."

मी तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. पुढचे पंख वाळक्या पानासारखे, मागचे भडक नारिंगी, त्यांवर स्वल्पविरामासारखा काळा डाग. फळं भोसकणारा पतंगच तो.

"आधी का नाही आणलंस?" मी खेकसले.

"आधी माझ्यावर आळ कुठं व्हता?"

तशीच तिला घेऊन एसटीनं चांदवड गाठलं. डबा मोतीरामच्या नाकापुढं धरला. "याची सोंड साल फोडते. अळ्या कुंपणावरच्या गुळवेलीवर वाढतात, ती उपट."

"एवढंसं पाखरू, वहिनी?" तो हसला. "बरं, झालं गेलं. भागीबाई, उद्यापासून ये."

"त्या दिवशी अकरा बाया व्हत्या, भाऊ. त्यांच्यापुढं म्हणा, भागीनं टोचलं नाय."

"आता काय बायांची सभा भरवू?"

"आळ घ्यायला भरली व्हती ना?"

"वहिनी, समजवा हिला."

समजवलं मी, पण त्याला, आणि शेजारच्या मळ्यात ऐकू जाईल इतक्या जोरात. उपयोग शून्य. गुळवेल त्यानं संध्याकाळच्या आत उपटून काढली. एक वाक्य मात्र तोंडातून निघेना.

भागीबाई कांद्याच्या खळ्यावर जायला लागली. पुढच्या तोडणीला अकरापैकी सात जणी बागेत आल्याच नाहीत. मोतीरामचा फोन, "वहिनी, यांना अचानक काय झालं हो?"

मी फोन आपटला.