घासलेला खटका

नागोयाकरांनो, आज माझा मलाच राग आलाय.

माझं ते खेळातलं, प्लास्टिकच्या छऱ्यांचं पिस्तूल तुम्हाला माहीत आहे. ट्रिगर जड वाटला म्हणून काल मी घरीच ते उघडून आतला, स्प्रिंग अडवून धरणारा खटका कानशीने घासला. आज जेवणाच्या टेबलावर ठेवताक्षणी ते आपोआप सुटलं. छर्रा मुलीच्या चष्म्यावर आपटला.

दुरुस्तीला नेलं. दुकानदार ओगावा-सान यांनी पिस्तुलाला हात लावण्याआधी विचारलं, "समोर कोण होतं?"

कारखान्यात मी ब्रेक तपासतो. न विचारता कुणी एक स्क्रू फिरवला तरी लाइन थांबवतो. घरी मात्र मीच शहाणा!

नवा खटका बसला. मुलगी म्हणतेय, "दाइजोबु, बाबा, मला काही झालं नाही."

पण संध्याकाळी ती त्या टेबलाशी जेवायला बसली नाही.