मुलं उठली की गोष्ट बाद

राज्यांची फेररचना झाली, नागपूरची राजधानी गेली आणि फायलींबरोबर आम्हीही भोपाळला येऊन पडलो. ह्यांचं अख्खं ऑफिस सरकारी क्वार्टरांत शेजारीशेजारी राहायला आलं. वर्षभरात माझी मुलगी झोपेतही हिंदी बडबडू लागली. त्याचं मला दुःख नव्हतं. पण मराठीत तिच्या हाती द्यायला होतं काय? घरी आलेल्या पुस्तकांत नुसता उपदेश. शहाण्यासारखं वागा, मोठ्यांचं ऐका! मला भयंकर चीड यायची. म्हणून मी प्रकाशक झाले. बाहेरच्या खोलीतली का होईना, पण प्रकाशक.

नियम एकच. रविवारी दुपारी व्हरांड्यात सतरंजी टाकायची, क्वार्टरांतली मुलं गोळा करायची आणि छापण्याआधी गोष्ट मोठ्याने वाचायची. कंटाळा आला की मुलांनी खुशाल उठून जायचं. बरीचशी उठली की गोष्ट बाद, मग लेखक कोणी का असेना. पहिली दोन पुस्तकं अशीच पारखून निघाली.

तिसऱ्यासाठी ह्यांच्या साहेबांनीच गोष्ट लिहिली. एका आज्ञाधारक सशाची. "मी स्वतः वाचतो," म्हणाले, आणि मी मान डोलावून बसले. तिथेच चुकले. साहेबांनी सावकाश, ठासून वाचलं. एरवी क्षणभर स्वस्थ न बसणारी वानरसेना हाताची घडी घालून बसलेली.

"एकही उठलं नाही," साहेब खूश झाले. ह्यांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात शेजारची चिमुरडी सगळ्यांसमोर म्हणाली, "काकू, अब उठू का? बाबांनी बोललंय, साहेब बसलेत तोपर्यंत हिलायचं नाही."

साहेब हसले, पण कसंनुसं. ते गेल्यावर ह्यांनी मला समजावलं, "अगं, छापून टाक. एका गोष्टीनं काय बिघडतंय?" मला ते पटेना. मुलं भीतीनं बसणार असतील तर मी कशाला एवढा खटाटोप करायचा? पुढच्या रविवारी साहेबांना न बोलावता तीच गोष्ट मी वाचली. ससा शाळेत पोचायच्या आत सतरंजी रिकामी!

संध्याकाळी मी साहेबांच्या घरी गेले आणि हस्तलिखित परत केलं.

"मुलांना काय कळतं?" ते म्हणाले.

"पुस्तक त्यांच्यासाठीच आहे, साहेब. मला नाही छापता येणार."

ही बातमी क्वार्टरांत पोचायला रात्र पुरली. ह्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. शेजारणी नळावर मला बघून वळू लागल्या. त्यांच्या नवऱ्यांनाही त्याच साहेबांसमोर उभं राहायचं होतं, त्यांना तरी काय दोष द्यायचा? पण मला आतून धडकी भरली होती. मुलंच आली नाहीत तर माझं प्रकाशन कसलं?

रविवारी मी सतरंजी टाकली. कोणी आलं नाही. माझी मुलगीसुद्धा तापानं आत झोपलेली. समोरच्या क्वार्टरचं दार किलकिलं झालं आणि पुन्हा लागलं. रडू येत होतं, पण सतरंजी मी गुंडाळली नाही. रिकामी तर रिकामी, वाचायचंच, असं ठरवून मी कागद उघडले.

तेवढ्यात हे बाहेर आले. साहेबांचा तो रविवार सोडला तर आजवर कधी वाचनाला फिरकले नव्हते. सतरंजीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "वाच. कंटाळा आला तर उठेन."

तिसऱ्या पानावर ते उठले. गोष्ट माझीच होती. मी ती छापली नाही.