चार नंबरच्या टाकीतली वाइन

माझा मुलगा लुदोविक चाळिशीला आलाय. दक्षिण फ्रान्सात, नार्बोनच्या वरच्या अंगाला टेकड्यांत आमची द्राक्षबाग आहे, आणि त्याचं नाक ही लहानपणापासून घरची मोठी ठेव. गावातले म्हातारे ग्लास घेऊन दारात यायचे, "बघ रे पोरा, बिघडलीय का ही?" तो नुसता वास घ्यायचा नि सांगायचा. कधी चुकला नाही.

नोव्हेंबरात तो तापानं आजारी पडला. जानेवारीत म्हणाला, "आई, चार नंबरची टाकी वाया गेली. काही जीव नाही तिच्यात." ती त्याच्या वडिलांनी लावलेल्या जुन्या वेलींची वाइन. ते जाऊन आता नऊ वर्षं झाली. लुदोविकच्या शब्दावर मी तोटी उघडूनही पाहिली नाही. त्यानं सगळी टाकी घाऊक व्यापाऱ्याला स्वस्तात विकून टाकली. मग म्हणू लागला, वेलीच म्हाताऱ्या झाल्यात. त्या उपटायला मार्चातल्या एका सोमवारी यंत्र यायचं ठरलं.

आदल्या शनिवारी रात्री त्यानं मला नार्बोनला जेवायला नेलं. कालव्याजवळ सोलांजची खाणावळ आहे, ती आमची जुनी ओळखीची. तिनं न विचारताच रोजच्या लाल वाइनचा चंबू आणून ठेवला. अर्धा लिटर, सहा युरो.

एक घोट घेतला आणि मी थबकले. उन्हात तापलेल्या रानपाल्याचा वास, आणि शेवटी बदामाच्या सालीसारखी कडवट चव. चाळीस वर्षं मी जेवताना हीच चव घेतली आहे.

"कुठून आणलीस गं ही?"

"तुमच्याच गावची म्हणे. कुण्या येड्यानं अख्खी टाकी मातीमोल विकली. असे येडे आहेत म्हणून माझं दुकान चालतं, बाई."

लुदोविक हसला. ग्लास फिरवत म्हणाला, "छान आहे. चेरी, जराशी मिरी. आमची चार नंबर हिच्या पासंगालाही पुरली नसती."

माझ्या हातातला पाव तसाच राहिला. सांगितलं नाही तर सोमवारी वेली जाणार. सांगितलं तर हे पोर ज्याच्या जोरावर उभं आहे, तेच मी काढून घेणार. सोलांज आत जाईपर्यंत मी थांबले.

"लुदो, तुला वास येतो का?"

"जेव ना, आई."

"ही आपली चार नंबर आहे."

त्यानं ग्लास नाकाशी नेला. मग एक घोट घेतला.

"पाण्यासारखी लागते," तो म्हणाला. "नोव्हेंबरपासून. कॉफीसुद्धा. टाक्यांचं नुसतं अंदाजानं सांगत होतो. वाटलं, वास येईल परत." मग ग्लास माझ्याकडे सरकवला. "कशी आहे? खरं सांग."

मी सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता.

सोमवारी यंत्र आलं नाही. आता तो रोज एकेका टाकीतून ग्लास भरून माझ्यापुढे धरतो आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहतो. डॉक्टर म्हणतात, वास परत येईलही, सांगता येत नाही. मी अडुसष्ट वर्षांची आहे. परवा मला साधी सर्दी झाली, तर दिवसभर आम्ही दोघंही टाक्यांकडे फिरकलो नाही.